हायब्रिड मोटारगाडीतील इंधनबचतीचे चालनतंत्र

हायब्रिड मोटारगाडीतील इंधनबचतीचे चालनतंत्र म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही साधने असलेली गाडी कमीत कमी इंधनात चालवण्यासाठी चालकाने अंगी बाणवायच्या सवयींचा समूह होय. वेग, ब्रेक, चढ-उतार, वातानुकूलन आणि टायरमधील हवा या बाबींशी या सवयींचा संबंध असतो. एकाच गाडीचे एकाच रस्त्यावरील मायलेज दोन चालकांच्या हाती लक्षणीयरीत्या वेगळे येऊ शकते. हा फरक साध्या पेट्रोल गाडीतही दिसतो. हायब्रिड गाडीत मात्र ब्रेकवर ठेवलेल्या पायाने ऊर्जा वायाही जाऊ शकते आणि परतही मिळू शकते, त्यामुळे तेथे चालकाच्या सवयीला अधिक महत्त्व येते.

रस्त्याच्या रचनेनुसार या तंत्राचे स्वरूप बदलते. महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्याचा मालवण किनारा हे त्याचे बोलके उदाहरण आहे. येथे खाडीकाठची सपाटी, जांभ्या दगडाच्या सड्यांवरील लहान चढ-उतार, चौपदरी महामार्ग आणि सह्याद्रीचे दीर्घ घाट हे चारही प्रकार एकाच दिवसाच्या प्रवासात येऊ शकतात. यांपैकी लहान चढ-उतार हायब्रिड गाडीला मानवतात. दीर्घ घाटाचा उतार मात्र तिच्या बॅटरीच्या आवाक्याबाहेरचा असतो.

पार्श्वभूमी

इंधन वाचवत गाडी चालवण्याचा विचार हायब्रिड गाड्यांपेक्षा जुना आहे. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७४ मध्ये महामार्गांवरील वेगमर्यादा ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, इतकी खाली आणली. भारतात पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था अनेक दशके वाहनचालकांसाठी प्रबोधन करीत आली असून ताशी ४५ ते ५५ किलोमीटर या वेगाने गाडी चालवण्याचा तिचा सल्ला परिचित आहे. इंग्रजीत या कौशल्यासाठी ‘हायपरमाइलिंग’ हा शब्द रूढ झाला. २००८ मध्ये ‘न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी’ने त्याची वर्षाचा शब्द म्हणून निवड केली.

मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली पहिली हायब्रिड गाडी टोयोटा प्रियस १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. भारतात होंडा सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये, प्रियस २०१० मध्ये आणि कॅमरी हायब्रिड २०१३ मध्ये आली. किमतीमुळे या गाड्या मोजक्याच ग्राहकांपर्यंत पोहोचल्या. २०२२ मध्ये होंडा सिटी ई:एचईव्ही, टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर, मारुती सुझुकी ग्रँड विटारा आणि टोयोटा इनोव्हा हायक्रॉस यांच्या आगमनाने हा प्रकार मध्यमवर्गीय कुटुंबांच्या विचारात येऊ लागला.

प्रस्तुत लेखातील विवेचन प्रामुख्याने ‘स्ट्राँग हायब्रिड’ प्रकाराला लागू पडते. अशी गाडी काही अंतर केवळ विजेवर चालू शकते. ‘माइल्ड हायब्रिड’ गाडीत विजेचे यंत्र इंजिनाला फक्त हातभार लावते, म्हणून तिच्या बाबतीत पुढील सूचनांचा लाभ मर्यादित असतो.

तांत्रिक आधार

पेट्रोल इंजिन मध्यम भाराखाली सर्वाधिक कार्यक्षम असते. गाडी रांगत असताना किंवा नुसती उभी असताना त्याची कार्यक्षमता फार घसरते. हायब्रिड गाडीत हा कमी कार्यक्षम भाग मोटर उचलते, त्या वेळी इंजिन पूर्ण बंद असते, आणि जेव्हा ते चालू होते तेव्हा बहुधा त्याच्या सोयीच्या भाराखाली चालते. अशा इंजिनात बहुधा अ‍ॅटकिन्सन चक्राचा उपयोग केलेला असतो. त्यात इंधनाच्या ऊर्जेपैकी अधिक हिस्सा कामी येतो.

वेग कमी करताना मोटर जनित्राप्रमाणे फिरते आणि गाडीच्या गतिज ऊर्जेचे विजेत रूपांतर करून ती बॅटरीत भरते. याला रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. मात्र ही परतफेड पूर्ण नसते. चाकापासून जनित्र, बॅटरी, मोटर आणि पुन्हा चाक या फेऱ्यात ऊर्जेचा सुमारे तिसरा हिस्सा, कधी त्याहून अधिक, उष्णतेच्या रूपाने हरवतो. यावरून एक क्रम ठरतो: ब्रेक न लावता गाडी घरंगळू देणे सर्वांत उत्तम, हलक्या ब्रेकने वीज निर्माण करणे त्याच्या खालोखाल, आणि घर्षणाचे ब्रेक वापरणे सर्वांत खर्चिक. ‘ब्रेक लावले की बॅटरी भरते, म्हणून ब्रेक लावणे फायद्याचे’ हा समज या क्रमाच्या विरुद्ध आहे. बॅटरीत येणारी वीज ही आधी जाळलेल्या पेट्रोलचीच उरलेली बाकी असते.

दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे बॅटरीचा लहान आकार. ग्रँड विटारा व हायरायडर या जुळ्या गाड्यांतील लिथियम-आयन बॅटरीची क्षमता ०.७६ किलोवॉट-तास आहे. पूर्ण विद्युत मोटारगाडीच्या बॅटरीची क्षमता याच्या कित्येक पट असते. शिवाय बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून नियंत्रक यंत्रणा ती पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली होऊ देत नाही. साधारणपणे ४० ते ८० टक्के या पट्ट्यातच ती वापरली जाते असे धरल्यास प्रत्यक्ष घेण्या-देण्याची ऊर्जा केवळ ०.३ किलोवॉट-तास उरते. ही बॅटरी म्हणजे कोठार नव्हे, हातातली ओंजळ आहे. सतत भरायची आणि सतत रिकामी करायची.

सड्यांवरील चढ-उतार

मालवण, देवगड आणि वेंगुर्ला या किनारी शहरांतून कोकण रेल्वे जात नाही. ती आतल्या बाजूने कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी तालुक्यांतून जाते. त्यामुळे रेल्वे स्थानक, जिल्ह्याचे मुख्यालय असलेले ओरोस किंवा शेजारचा तालुका गाठण्यासाठी रस्त्याशिवाय पर्याय नसतो. कसाल–मालवण, कुडाळ–मालवण आणि देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण असा जाणारा किनारी मार्ग हे या भागातील नेहमीचे रस्ते आहेत. हे रस्ते सड्यावर चढतात, काही अंतर माथ्यावरून जातात आणि पुन्हा खाडी किंवा ओढ्याकडे उतरतात. चढ-उताराची उंची बहुतेक ठिकाणी शंभर मीटरच्या आतबाहेर असते.

अशा एका उताराचा ठोकळ हिशोब उद्बोधक आहे. प्रवाशांसह १५०० किलोग्रॅम वजनाची गाडी ८० मीटर खाली उतरते तेव्हा तिची सुमारे ०.३३ किलोवॉट-तास इतकी स्थितिज ऊर्जा मोकळी होते. त्यातील काही भाग टायरच्या आणि हवेच्या रोधात जातो. उरलेल्या ऊर्जेपैकी ०.१५ ते ०.२ किलोवॉट-तास बॅटरीत जाऊ शकते, आणि तेवढी जागा बॅटरीत बहुधा असते. या ऊर्जेवर गाडी खाडीकाठच्या सपाटीवर इंजिन सुरू न करता एक-दीड किलोमीटर जाते. म्हणजे उताराने दिलेले पुढच्या चढाआधीच खर्च होते आणि पुढच्या उतारासाठी ओंजळ पुन्हा रिकामी होते.

याचा लाभ घेण्यासाठी चालकाने चढावर इंजिनाला त्याचे काम करू द्यावे. चढ केवळ विजेवर चढण्याच्या हट्टाने अ‍ॅक्सिलरेटर अगदी अलगद दाबून रांगत राहिल्यास बॅटरी संपते. मग इंजिनाला गाडी ओढणे आणि बॅटरी भरणे अशी दोन्ही कामे करावी लागतात. पेट्रोलची वीज करून ती बॅटरीत साठवणे आणि पुन्हा काढणे यात प्रत्येक पायरीवर तूट असते. माथ्याच्या थोडे अलीकडे पाय सैल करावा, म्हणजे गाडी माथा ओलांडेपर्यंत वेग किंचित उतरतो आणि उतारावर तो आपोआप भरून येतो. उताराच्या पायथ्याशी वळण, गाव किंवा अरुंद पूल नसेल, तर तेथे मिळालेला वेग पुढच्या चढासाठी वापरणे हे बॅटरीत वीज भरण्याहूनही किफायतशीर ठरते. मात्र जांभा तासून काढलेल्या या रस्त्यांवर समोरचे वळण अनेकदा दिसत नाही. वळणापलीकडे थांबलेली एस.टी. किंवा रस्त्यात बसलेली गुरे असू शकतात. म्हणून ही युक्ती केवळ पुढचा रस्ता स्पष्ट दिसत असतानाच वापरण्याजोगी आहे.

वेग घेणे आणि घरंगळणे

सपाट व मोकळ्या रस्त्यावर ‘पल्स अँड ग्लाइड’ नावाची पद्धत वापरली जाते. तीत मध्यम जोराने विवक्षित वेग गाठावा, नंतर पाय सैल करून गाडी घरंगळू द्यावी आणि वेग ठरावीक मर्यादेखाली आला की पुन्हा वेग घ्यावा. वेग घेताना इंजिन कार्यक्षम भाराखाली चालते आणि घरंगळताना ते बंद असते. ताशी ६० किलोमीटरवरून ४० किलोमीटरपर्यंत वेग उतरू दिल्यास वर उल्लेखिलेल्या वजनाची गाडी सपाटीवर साधारण ४०० ते ५०० मीटर घरंगळते.

पाय पूर्ण उचलल्यास बहुतेक हायब्रिड गाड्या हलके रीजनरेटिव्ह ब्रेकिंग सुरू करतात. खरे घरंगळणे साधण्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबलेला ठेवावा लागतो, जेणेकरून पडद्यावरील ऊर्जाप्रवाहाचा बाण चाकाकडेही जात नाही आणि बॅटरीकडेही येत नाही. हे साधायला सराव लागतो, आणि सरावाच्या काळात नजर रस्त्याऐवजी पडद्यावर खिळण्याचा धोका असतो. मागे वाहने असताना वेग असा खालीवर करणे इतरांना त्रासदायक ठरते. त्यामुळे किनाऱ्यावरील एकपदरी रस्त्यांवर या पद्धतीला फारसा वाव नाही. तेथे एकसारखा मध्यम वेग आणि पुढचे पाहून वेळीच पाय सैल करणे एवढ्यानेही बराचसा लाभ पदरात पडतो.

ब्रेक लावण्याची पद्धत

जनित्र एका क्षणी किती वीज निर्माण करू शकते आणि बॅटरी ती किती वेगाने स्वीकारू शकते, यांना मर्यादा आहे. जोराने ब्रेक दाबल्यास ही मर्यादा ओलांडली जाते आणि उरलेले काम घर्षणाचे ब्रेक करतात. म्हणून थांबायचे असल्यास लांबून, हलक्या व एकसारख्या दाबाने ब्रेक लावावेत. खड्ड्यात किंवा ओल्या रस्त्यावर चाक घसरू लागल्यास यंत्रणा रीजनरेटिव्ह ब्रेकिंग सोडून घर्षणाच्या ब्रेककडे वळते. हा बदल पायाला क्षणभर जाणवतो. तो बिघाड नसतो, परंतु त्या क्षणी पाय उचलणे धोक्याचे असते.

घर्षणाचे ब्रेक कमी वापरले जाण्याची एक दुसरी बाजू किनाऱ्यावर विशेष जाणवते. खाऱ्या दमट हवेत ब्रेकच्या चकत्यांवर गंज लवकर धरतो. नेहमीच्या गाडीत तो रोजच्या वापराने घासून निघतो, हायब्रिड गाडीत मात्र टिकून राहू शकतो. गंजलेल्या चकतीला पॅड चिकटून राहिल्यास चाकाला रोध होतो आणि वाचवलेले इंधन तेथे खर्च होते. पावसाळ्यात व गाडी बरेच दिवस उभी राहिल्यानंतर सुरक्षित ठिकाणी काही वेळा ठामपणे ब्रेक लावणे आणि ब्रेकची नियमित तपासणी करणे हितावह असते.

घाट उतरताना

आंबोली, फोंडा, करूळ आणि भुईबावडा हे घाट सिंधुदुर्गाला देशावरील भागाशी जोडतात. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. सड्यावरील उताराला लावलेला हिशोब येथे लावल्यास चित्र पालटते. १५०० किलोग्रॅमची गाडी ५०० मीटर खाली येताना सुमारे २ किलोवॉट-तास ऊर्जा मोकळी होते. टायरचा व हवेचा रोध आणि रूपांतरातील तूट वजा केली, तरी सुमारे १ किलोवॉट-तास वीज निर्माण होऊ शकेल. बॅटरीत जागा असते ती जास्तीत जास्त ०.३ किलोवॉट-तासाची. परिणामी माथ्यावर बॅटरी जवळजवळ रिकामी असली, तरी घाटाचा एक तृतीयांश भाग उतरेपर्यंत ती भरून जाते. ती आधीच भरलेली असेल, तर पहिल्या काही वळणांतच ही वेळ येते.

बॅटरी भरल्यावर गाडीला धरून ठेवण्याचे काम इंजिनाच्या रोधाकडे आणि घर्षणाच्या ब्रेककडे जाते. टोयोटाच्या प्रणालीत अशा वेळी जास्तीची वीज वापरून इंजिन इंधनाविना फिरवले जाते. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसतानाही इंजिनाचा आवाज अचानक वाढतो, आणि माहिती नसलेला चालक गाडी बिघडली असे समजून गोंधळतो. याच प्रणालीच्या गिअर निवडीत असलेला ‘बी’ पर्याय यासाठीच आहे. त्यात इंजिनाचा रोध मुद्दाम वाढवला जातो आणि घर्षणाचे ब्रेक तापण्यापासून वाचतात. दीर्घ घाटात ‘बी’चा वापर आवश्यक मानावा. सपाटीवर किंवा सड्यांच्या लहान उतारांवर मात्र तो टाळावा, कारण बॅटरीत जाऊ शकणारी ऊर्जा तेथे इंजिन फिरवण्यात वाया जाते. ‘बी म्हणजे बॅटरी’ हा प्रचलित गैरसमज याच्या नेमका उलट आहे.

घाट चढताना बॅटरी उतरलेली दिसली तरी चिंतेचे कारण नसते. माथ्यावर ती रिकामी असणे हेच पुढच्या उताराच्या दृष्टीने योग्य असते.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची सवय कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या काळापासून चालत आली आहे. हायब्रिड गाडीत ती दुहेरी तोट्याची आहे. टोयोटाच्या प्रणालीत न्यूट्रलमध्ये बॅटरी भरली जात नाही, आणि घाटात इंजिनाचा व मोटरचा आधार सुटल्याने सगळा भार घर्षणाच्या ब्रेकवर पडतो. सतत दाबून तापलेल्या ब्रेकची पकड क्षीण होते. आंबोलीसारख्या धुके आणि मुसळधार पावसाच्या घाटात काही मिलिलिटर पेट्रोलसाठी पत्करलेला हा धोका कोणत्याही हिशोबात बसत नाही.

महामार्ग आणि वेग

मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ जिल्ह्यात खारेपाटण, कणकवली, कसाल, कुडाळ आणि झाराप असा जातो. चौपदरीकरणानंतर येथे दीर्घकाळ चढा वेग ठेवणे शक्य झाले आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेग ठेवल्यास हा रोध ५६ टक्क्यांनी वाढतो. महामार्गावर ब्रेक क्वचितच लागतात. त्यामुळे ऊर्जा परत मिळण्याची संधी कमी आणि इंजिन बंद राहण्याचा काळही थोडा असतो. शहरात नेहमीच्या गाडीच्या कितीतरी पुढे असणाऱ्या हायब्रिडची आघाडी म्हणूनच महामार्गावर घटते.

गणेशचतुर्थीसाठी मुंबईहून गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांच्या टपावर बांधलेले सामान, किंवा परतीच्या वाटेवर तेथे चढवलेल्या पेट्या, हवेचा रोध आणखी वाढवतात. सामान शक्यतो गाडीच्या आत ठेवावे आणि रिकामा कॅरिअर काढून ठेवावा.

बाजारपेठ, जत्रा आणि उकाडा

मालवणच्या बाजारपेठेतील अरुंद रस्ते, आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेतील वाहनांची रांग किंवा पर्यटनाच्या हंगामातील तारकर्लीचा रस्ता येथे हायब्रिड गाडी बहुतांश विजेवर सरकते. मात्र इंजिन थंड असताना केलेल्या छोट्या फेऱ्या तिलाही महाग पडतात. उत्प्रेरक यंत्र तापावे यासाठी सुरुवातीची काही मिनिटे इंजिन गरज नसतानाही चालते. बाजार, बँक आणि दवाखाना यांसाठी तीन वेळा बाहेर पडण्यापेक्षा एकाच फेरीत ही कामे उरकल्यास हा खर्च एकदाच होतो.

या गाड्यांत वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. गाडी उभी असताना तो बॅटरी रिकामी करत राहतो आणि ती उतरली की इंजिन सुरू होते. उन्हात तापलेल्या गाडीच्या काचा प्रथम उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, नंतर तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअसवर ठेवावे. पावसाळ्यात काचेवरील बाष्प घालवण्यासाठी वातानुकूलन लागतेच. तेथे काटकसर करणे अयोग्य.

बॅटरी थंड ठेवणारी हवा अनेक गाड्यांत मागील आसनाजवळच्या जाळीतून घेतली जाते. किनाऱ्यावरून परतताना गाडीत आलेली वाळू, ओले टॉवेल किंवा पिशव्या यांनी ती जाळी बुजल्यास बॅटरी तापते आणि यंत्रणा तिचा वापर आखडता घेते. जाळी मोकळी ठेवणे आणि तिची गाळणी स्वच्छ करणे एवढ्याने ही तूट टळते. टायरमधील हवा गाडी थंड असताना, उत्पादकाने दिलेल्या मापानुसार तपासावी.

मायलेजचे मापन

पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच ‘एआरएआय’च्या प्रमाणित आकड्यांनुसार ग्रँड विटारा व हायरायडर यांच्या हायब्रिड आवृत्त्या प्रतिलिटर २७.९७ किलोमीटर धावतात. ही चाचणी प्रयोगशाळेत रुळांवर होते. तिच्यातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असून वातानुकूलन बंद असते. दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी हा आकडा उपयोगी आहे. मेमधील उकाड्यात पाच प्रवासी घेऊन घाट चढणाऱ्या गाडीकडून मात्र त्याची अपेक्षा ठेवता येत नाही.

प्रत्यक्ष मायलेज काढण्यासाठी टाकी काठोकाठ भरावी, काही शे किलोमीटर गाडी चालवावी आणि पुन्हा त्याच पातळीपर्यंत भरताना लागलेल्या पेट्रोलने अंतराला भागावे. एका भरणीचा आकडा फसवा असू शकतो. चार-पाच भरण्यांची सरासरी विश्वसनीय ठरते. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाणही ध्यानात घ्यावे लागते, कारण एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. जुन्या नोंदींशी तुलना करताना दिसणारी घट काही अंशी इंधनाची असते, चालकाची नव्हे. मालवणहून कुडाळला जाताना आणि परत येताना मिळणारे आकडेही सारखे नसतात. किनारा समुद्रसपाटीलगत असल्याने तिकडे येणारा प्रवास एकंदरीत उताराचा ठरतो. तंत्राचा परिणाम पाहायचा असेल तर जाऊन-येऊन असा पूर्ण फेरा मोजावा लागतो.